गुरुजींच्या गाडीचा तलाठी

रात्री दोन वाजता गाडी आपोआप हॉर्न वाजवते, ही तक्रार घेऊन गुरुजी आले, त्याच्या आधीच तिची कीर्ती माझ्यापर्यंत पोचली होती. त्यांच्या वाडीतला एक रिक्षावाला सेल्फ दुरुस्त करून घ्यायला आला होता, त्यानं सगळं रंगवून सांगितलं होतं. पहिल्या रात्री लोकांना वाटलं, घरात कुणाला बरं नाही आणि गुरुजी शेजाऱ्यांना उठवतायत. दुसऱ्या रात्री वाडीतली कुत्री तासभर भुंकली. तिसऱ्या रात्री गुरुजींनी हॉर्नचा फ्यूजच उपटला, तर हॉर्न गप्प झाला आणि कोरड्या काचेवर वायपर अर्ध्यापर्यंत वर येऊन तसाच थांबला, वर्गात हात वर करून उभ्या राहिलेल्या पोरासारखा. मग वाडीत दोन तट पडले. एक म्हणे वायरिंग, दुसरा म्हणे राखणदार रुसला. घरच्यांनी गाऱ्हाणं घालून नारळही ठेवला. मी नारळाचं विचारलं तेव्हा गुरुजी म्हणाले, "घरातल्यांचं समाधान रे. तू आपलं मीटर लाव."

गुरुजींनी मला सातवीपर्यंत गणित आणि विज्ञान शिकवलं. निवृत्तीच्या पैशांतून त्यांनी २०१४ साली ही गाडी घेतली, आणि तेव्हापासून तिचं विजेचं सगळं काम चिपळूणला माझ्याकडेच. गाडीच्या कंपनीचं नाव लिहीत नाही. तिचा यात काही दोषही नव्हता.

ही गोष्ट २०२३ च्या जुलैतली. पावसाळ्यात माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांत निम्म्या तरी अशाच असतात: उन्हाळ्यात शहाण्या, पावसात वेड्या. त्यात आता बीसीएमवाल्या गाड्यांची भर पडली आहे. बीसीएम म्हणजे बॉडी कंट्रोल मोड्युल, डॅशबोर्डखाली बसणारा जाडजूड पुस्तकाएवढा डबा. गिऱ्हाईक विचारतं, हा करतो काय? मी सांगतो, हा गाडीचा तलाठी. मी काम शिकलो ते पद्मिनी, अ‍ॅम्बॅसेडर आणि जिपांवर. तिथं प्रत्येक दिव्याची आपली वायर, आपला स्विच. इंडिकेटर पेटेना तर बल्ब बघा, फ्लॅशर बघा, स्विच बघा, संपलं. फ्लॅशरची टिकटिक ऐकून तो चांगला की वाईट ते कळायचं. आता दाराचा स्विच आतल्या दिव्याला करंट देत नाही, नुसतं कळवतो की दार उघडलं. दिवा लावायचा की नाही, किती वेळ ठेवायचा, सावकाश विझवायचा की एकदम, हे डबा ठरवतो. हॉर्न, वायपर, सेंट्रल लॉक, इंडिकेटर, पॉवर विंडो, पुष्कळ गाड्यांत चावीची ओळखसुद्धा, सगळे अर्ज या एकाच दफ्तरातून जातात. तलाठी आजारी पडला की गावात ज्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही अशी दहा माणसं एकाच दिवशी अडून बसतात. गाडीचंही तसंच. हॉर्न आणि वायपर आणि लॉक एकदम बिघडले तर तीन बिघाड शोधू नयेत.

पण म्हणून 'डबा गेला' असं लगेच म्हणूही नये. आमच्या धंद्यात याहून सोपं वाक्य नाही, आणि ते बोलणाऱ्याला फुकट पडतं.

मी हे वाक्य एकदा चुकीचं बोललो आहे. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा बाजारपेठ बुडाली, माझं दुकानही गेलं. त्यानंतरचे सहा महिने आम्ही सगळे इलेक्ट्रिशियन दुसरं काहीच करत नव्हतो. पुराचं पाणी म्हणजे नुसतं पाणी नसतं. त्यात गाळ असतो, गटार असतं, आणि ते कपलरच्या आत जाऊन बसतं. वरून गाडी धुतली, सुकवली, चालूही झाली, की मालक खूश. आत पिना सावकाश खात असतात. ऑगस्टमध्ये ठणठणीत गेलेल्या गाड्या दिवाळीत परत आल्या. त्यातल्याच एकीला मी बीसीएम बदलायला लावला. स्कॅनरवर यू ०१४० कोड आला होता, म्हणजे बॉडी कंट्रोल मोड्युलशी संपर्क तुटला. मी वाचलं, डबा मेला. नवा बसवला, कोड तोच. शेवटी ड्रायव्हरच्या गालिच्याखाली अर्थिंगचा एक बोल्ट सापडला, गंजानं फुगलेला. बोल्ट घासून बसवला आणि गाडी बरी झाली. म्हणजे जुना डबाही चांगला होता. त्या गिऱ्हाइकाचे पैसे मी हप्त्यानं परत केले, पण तो पुन्हा आला नाही. कोड फक्त एवढंच सांगत होता की मला त्याचा आवाज ऐकू येत नाही. माणूस मेला की झोपला की त्याच्या घराला बाहेरून कडी घातली, हे बघणं माझं काम होतं.

त्यामुळे गुरुजींची गाडी आत घेतली आणि पुतण्यानं स्कॅनर लावून "काका, बीसीएम" असं म्हटलं, तेव्हा मी त्याला आधी बॅटरीची निगेटिव्ह सोडायला लावली.

गाडी बंद करून ठेवली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी सेल्फ फिरत नाही, ही गुरुजींची दुसरी तक्रार होती. आधी कुणीतरी त्यांना बॅटरी बदलायला लावली होती. नवी बॅटरीही तशीच उतरायची. निगेटिव्ह केबल आणि बॅटरी यांच्यामध्ये अ‍ॅम्पिअरचं मीटर जोडलं, दार उघडंच ठेवून कुलपाच्या खाचेत स्क्रूड्रायव्हर फिरवून गाडीला 'दार लागलं' असं फसवलं, आणि चहा प्यायला गेलो. ही वाट बघणं महत्त्वाचं. गाडी बंद केल्यावर डबे लगेच झोपत नाहीत, अर्धा तासही घेतात. पोरं दोन मिनिटांत आकडा वाचतात आणि चोर सापडला म्हणून नाचतात. अर्ध्या तासानं मीटरवर ३८० मिलिअ‍ॅम्पिअर होते. अशा गाडीनं झोपेत फार तर ५० खावेत. ३८० म्हणजे दिवसाला नऊ अ‍ॅम्पिअर-अवर, आणि गुरुजींची बॅटरी ४५ ची. त्यांना नुसते आकडे सांगितले, भागाकार त्यांनीच केला.

आता कोणत्या वाटेनं जातंय? जुनी रीत फ्यूज एकेक उपटायची. पण फ्यूज काढून परत लावला की झोपलेले डबे जागे होतात आणि सगळा हिशेब बिघडतो. त्याऐवजी फ्यूजच्या माथ्यावरच्या दोन बारीक उघड्या टोकांवर मीटरच्या सुया टेकवून मिलिव्होल्ट बघायचे. करंट जात नसेल तर शून्य. एका पंधराच्या फ्यूजवर दोनच्या आसपास आले, बाकी सगळे शून्य. झाकणावरची यादी बघितली. तो फ्यूज बीसीएमचा.

पुतण्या माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, थांब. तलाठी रात्रभर कचेरीत जागा आहे एवढं कळलं. तो स्वतःच्या वेडानं जागा आहे की कुणी दारावर थापा मारतंय?

मग बाहेरच्या वाटा तपासल्या. डब्याला १२.५ व्होल्ट नीट पोचत होते. सगळे दिवे लावून त्याच्या अर्थिंगवरची घट मोजली, ०.०४ व्होल्ट, म्हणजे अर्थिंग चोख. २०२१ नंतर मी हे आधी बघतो. बॅटरी पूर्ण सोडून स्कॅनरच्या सॉकेटमधल्या सहा आणि चौदा नंबरच्या पिनांत ओहम मोजले तर ६०. डबे एकमेकांशी ज्या दोन पीळ घातलेल्या वायरींवरून बोलतात, त्यांच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो. दोन्ही जागेवर असले की बेरीज न होता निम्मे होऊन ६० येतात. गुरुजी मान हलवत होते, हे त्यांनीच शिकवलेलं. ती जोडवायर बॉश कंपनीनं १९८६ साली जगापुढे मांडली तेव्हा मी शाळेत त्यांच्याच वर्गात होतो.

मग स्कॅनरवर डब्याला काय काय ऐकू येतंय त्याची यादी उघडली. चारही दारं बंद. हेडलाईटचा स्विच बंद. हॉर्नचं बटण: दाबलेलं.

बटणाला कुणीही हात लावला नव्हता. स्टिअरिंगखालचा कपलर सोडला, म्हणजे बटण गाडीपासून पूर्ण तुटलं. यादीत तरी दाबलेलंच. डब्याकडे जाणाऱ्या कपलरमधून हॉर्नची तेवढी पिन बाहेर ओढली. आता डब्याला हॉर्नच्या बटणाशी जोडणारी तारच उरली नव्हती. पुतण्यानं वाचलं, "दाबलेलंच आहे काका. नाही, गेलं. परत आलं."

थापा बाहेरून येत नव्हत्या. आता मी ते वाक्य बोललो.

ड्रायव्हरच्या उजव्या पायाजवळची प्लास्टिकची पट्टी काढली आणि डबा बाहेर घेतला. कपलर सुटताना कोरडा टक आवाज यायला हवा, तो आला नाही. ओल्या लाकडातून खिळा निघावा तसा निघाला. पिनांवर हिरवं. कल्हई गेलेल्या पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं की जे धरतं तेच. आमची आजी म्हणायची, कळकलं. डबा उघडला तर आतल्या पट्टीच्या खालच्या कडेला पांढरट-हिरवी साय आलेली, आणि ती हॉर्नच्या पिनेपासून सुरू होऊन शेजारच्या अर्थिंगपर्यंत पसरलेली. हॉर्नचं बटण दाबलं की ती वायर अर्थला टेकते, एवढीच डब्याची खूण. ओलाव्यानं आतल्या आत तीच वाट पाडली होती. शेजारून वायपरची वाट. रात्रीच का, तर दिवसा बॉनेटच्या उबेनं आणि पायाकडच्या हवेनं जागा जरा सुकायची, मध्यरात्रीनंतर गारव्यानं पुन्हा दव धरायचं. राखणदाराचा त्यात काही हात नव्हता, पण वेळ त्यानं निवडावी तशीच होती.

आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि दात घासायच्या जुन्या ब्रशनं पट्टी स्वच्छ करून, दोन दिवस दिव्याखाली सुकवून लावली. चार रात्री वाडीनं शांत झोप घेतली. पाचव्या रात्री पाऊस लागला. तांब्याची रेघ एकदा खाल्ली गेली की घासून परत येत नाही, हे मला माहीत होतं. तरी नव्या डब्याचे साडेअकरा हजार वाचले तर बघावेत म्हणून केलं. त्याचा पश्चात्ताप नाही.

खरं काम वेगळंच राहिलं होतं: पाणी आलं कुठून? नवा डबा त्याच ओलीत बसवला असता तर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा गाऱ्हाणं. पुतण्याला बॉनेटवर पाईप धरायला सांगितला आणि मी टॉर्च घेऊन पेडलच्या खाली उताणा पडलो. वायपरखालच्या जाळीत फणसाची पानं आणि आंब्याच्या काड्या कुजून गच्च बसल्या होत्या. गुरुजींची गाडी वर्षानुवर्षं फणसाखाली उभी. पाणी निघून जायचं भोक बुजलेलं, त्यामुळे जाळीखाली तळं साचत होतं. पण तळं साचलं तरी ते आत यायला वाट लागते. दोन मिनिटांनी टॉर्चच्या उजेडात एक थेंब दिसला. तो एका काळ्या वायरीवरून चालत आला, वळणावर थांबला, फुगला आणि डब्याच्या बरोबर वर पडला.

ती वायर कंपनीची नव्हती. इंजिनाकडून आत येणारा मोठा जुडगा जिथं पत्र्यातून येतो तिथं जाड रबराची टोपी असते. तिला कुणीतरी ब्लेडनं चीर देऊन ही वायर आत ओढली होती. वायर पुढच्या फॉग लॅम्पची. तिच्यावर काळी टेप, आणि टेपच्या टोकाला मेणदोऱ्याची दुहेरी गाठ.

टेपचा डिंक उन्हाळ्यात वितळतो, टोक सुटतं, म्हणून शेवटी मेणदोरा बांधायचा, ही माझ्या उस्तादांची शिकवण. चिपळुणात ही गाठ आता मी एकटाच मारतो. २०१५ सालच्या पावसाळ्यात गुरुजींना कराडला मुलीकडे जायचं होतं, कुंभार्ली घाटात धुकं असतं म्हणून ते फॉग लॅम्प बसवून गेले होते. तेव्हा मला घाई असणार. किंवा घाईही नसेल, तेव्हा आम्ही सगळे असंच करायचो. रबराला चीर, वायर आत, वरून टेप. वायरीला आत शिरण्याआधी खाली एक झोळ दिला असता तर थेंब त्या झोळावरून बाहेरच गळाला असता. वीतभर वायर जास्त लागली असती.

मी बराच वेळ पेडलखाली पडून राहिलो. वरून पुतण्या विचारत होता, दिसलं का. तो कोवळा आहे. त्यानं त्या गाठीकडे बघितलं असतं तरी त्याला कळलं नसतं. गुरुजींना तर नाहीच. "पानं अडकली होती" एवढं सांगितलं असतं तर ते खरंही होतं.

संध्याकाळी गुरुजी आले तेव्हा ती वायर कापून टेबलावर ठेवली होती. म्हटलं, "गुरुजी, पाणी या वायरीवरून आलं. ही गाठ माझी आहे."

त्यांनी चष्मा वर करून गाठ बघितली. सगळं समजावून घेतलं, झोळ कसा द्यायला हवा होता ते कागदावर काढून दाखवायला लावलं. मग म्हणाले, "उदाहरण सगळं बरोबर सोडवायचास आणि हातचा घ्यायला विसरायचास. तेव्हाही."

डब्याचे पैसे मी देतो म्हटलं तर ऐकेनात. फणस माझा, पानं माझी, अर्धी चूक माझी. शेवटी डबा त्यांनी घ्यायचा आणि मजुरी, कोडिंग, नवं रबर माझ्याकडून, असं ठरलं. मला तो हिशेब अजून पटलेला नाही.

भंगारातला जुना डबा दोन हजारांत मिळत होता. घेतला नाही. पूर येऊन गेलेल्या मुलखात भंगारातला डबा कुठल्या पाण्यातून आला ते कोण सांगणार. शिवाय त्याच्या पोटात दुसऱ्या गाडीच्या चाव्या असतात. चॅसिस नंबर देऊन नवा मागवला, नऊ दिवसांनी आला.

बसवायला दहा मिनिटं लागतात, शहाणं करायला दोन तास. नवा डबा कोरी पाटी असतो. त्याला या गाडीत मागचा वायपर आहे की नाही, लॉक वेगानुसार आपोआप लागतं की नाही, काहीच माहीत नसतं. जुना डबा निदान बोलत होता, म्हणून त्याच्यातली सगळी नोंद आधी लॅपटॉपवर उतरवून घेतली. सात-बारा उतरवून घ्यावा तशी. मग बॅटरीला चार्जर लावला, कारण लिहिता लिहिता व्होल्टेज पडलं तर नवा डबाही हातचा जातो. नोंद नव्यात चढवली. मग चाव्या. या गाडीत चावीची ओळखही याच डब्यात, आणि नवा डबा ज्या चाव्या त्या वेळी समोर दाखवाल तेवढ्याच आपल्या मानतो. मी गुरुजींना दोनदा विचारलं, दुसरी चावी? "ती हरवून सहा वर्षं झाली." मग एकीचीच ओळख करून दिली.

हॉर्नचं बटण: सुटलेलं. अर्ध्या तासानं मीटरवर २२ मिलिअ‍ॅम्पिअर. जाळीखालची पानं काढली, भोकातून तार फिरवली, नवं रबर बसवलं, फॉग लॅम्पची नवी वायर खालून झोळ देऊन नेली. शेवटी मेणदोऱ्याची गाठ मारली. पुतण्याला मारायला शिकवली.

सप्टेंबरात गणपती आले. दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजींचा फोन. आवाज पडलेला. मुलगा डोंबिवलीहून आला होता, त्यानं गाडी काढायला घेतली तर इंजिन पकडतं आणि लगेच बंद पडतं. मी विचारलं, कोणत्या चावीनं? पलीकडे जरा शांतता. मग गुरुजी म्हणाले, "हरवलेली."

ती मुलाच्या बॅगेच्या आतल्या खणात सहा वर्षं मुंबईच्या लोकलनं फिरत होती.

लॅपटॉप घेऊन दुपारी त्यांच्या घरी गेलो. दोन्ही चाव्या पडवीतल्या स्टुलावर ठेवून घेतल्या, एकही कुणी उचलायची नाही अशी पोराबाळांना तंबी दिली. सुरक्षेसाठी डबा दहा मिनिटं थांबायला लावतो, पडद्यावर आकडे उलटे सरकत राहतात. आत आरती सुरू झाली होती. गुरुजी आत गेले नाहीत. माझ्या शेजारी बाकावर बसून पडद्याकडे बघत राहिले, आणि नऊ मिनिटं झाल्यावर हळूच म्हणाले, "आता साठ सेकंद."

पडद्यावर 'नोंदलेल्या चाव्या : २' असं आलं तेव्हा आत टाळ्या चालल्या होत्या.